रिपोर्ट नॉर्मल, तरी बरे वाटत नाही

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटले: ‘सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघाले नाही, पण मला बरे वाटत नाही.’ म्हणून या अंकात इतर विषयांची पत्रे बाजूला ठेवून याच तक्रारीची तीन पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. पहिले पत्र लांब असूनही फारसे कापलेले नाही, कारण त्यातल्या बारीकसारीक गोष्टींतच उत्तराचा बराच भाग आहे.

प्रश्न : डॉक्टर, सादर नमस्कार. माझे वय ४४ आहे. धायरीला राहते आणि मार्केट यार्डातील एका आडत पेढीवर हिशेबाचे काम करते. गेली तीन वर्षे मी पूर्ण बरी अशी नाहीच. सकाळी उठते तीच अंग मोडून आल्यासारखी. दुपारनंतर कणकण वाटते, पण थर्मामीटर लावला तर पारा ९९ च्या पुढे जात नाही. डोके जड होते, मध्येच छातीत धडधडते, त्या वेळी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, कधी पोटात ढवळते. नेमके काय होते असे कोणी विचारले तर सांगता येत नाही. ‘कसेतरी होते’ एवढेच तोंडून निघते. सासरे दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांच्यासाठी रात्री दोन-तीनदा उठावे लागते. आजवर रक्त, थायरॉइड, साखर, ईसीजी, टूडी एको, पोटाची सोनोग्राफी आणि मेंदूचा एमआरआय एवढ्या तपासण्या झाल्या, चार तज्ज्ञांना दाखवले. हिमोग्लोबिन ११.४ आहे, ‘बायकांचे एवढे असतेच’ असे मला सांगण्यात आले. बाकी सगळे नॉर्मल. आम्ही शाकाहारी आहोत. ॲसिडिटीसाठी रोज अनशापोटी एक गोळी घेते, त्याला चार वर्षे झाली. पाळी वर्षभरापासून मागेपुढे होते. शेवटच्या डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, ‘ताई, तुम्हाला काहीही झालेले नाही, मनातून काढून टाका.’ जिना उतरताना मला रडू आले. सासूबाई म्हणतात, ‘गणपतीचे दहा दिवस कशी ठणठणीत होतीस? विसर्जन झाले की लगेच झोपलीस.’ त्यांचे म्हणणे खोटे नाही, दर वर्षी तसेच होते. त्यामुळे आता मलाच शंका येऊ लागली आहे. मी खरोखर आजारी आहे, की हे सगळे मीच मनाने ओढवून घेतले आहे?

उत्तर : ताई, तुम्ही आजारी आहात. हे आधी लिहिते, कारण तीन वर्षांत हे वाक्य तुम्हाला कोणी म्हटलेले दिसत नाही, आणि ते ऐकल्याशिवाय माणूस पुढचे काही नीट ऐकू शकत नाही.

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ याचा अर्थ आधी समजून घेऊ. प्रत्येक तपासणीला एक ठरावीक प्रश्न विचारलेला असतो आणि ती तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते. टूडी एको हृदयाच्या झडपा कशा आहेत आणि त्याचे आकुंचन नीट होते की नाही एवढे सांगतो. रात्री तीनदा उठलेल्या बाईचे हृदय दुपारी दोन वाजता खुर्चीत बसल्या बसल्या का धडधडते, हे त्याला कोणी विचारलेले नसते. एमआरआयने मेंदूत गाठ नाही असे सांगितले, ते फार चांगले झाले, पण डोके जड का होते हा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला. फॅमिली डॉक्टरकडे येणाऱ्या शारीरिक तक्रारींपैकी साधारण एक तृतीयांश तक्रारींना अशा तपासण्यांत दिसणारे कारण सापडत नाही, हे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. मी गेली तीस वर्षे पुण्यात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते आणि माझा अनुभव याहून वेगळा नाही. मानसोपचाराच्या शास्त्रातही ही जाण आली आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानाच्या नियमावलीत बदल केला आणि ‘वैद्यकीय कारण सापडत नाही’ या एवढ्याच आधारावर शारीरिक त्रासाला मानसिक ठरवण्याची जुनी रीत सोडून दिली, कारण जे सापडले नाही त्यावर निदान उभे करणे टिकण्यासारखे नव्हते.

मात्र तुमच्या बाबतीत सगळे खरोखरच नॉर्मल आहे का, याबद्दल मला शंका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजला जातो, तुमचे ११.४ आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ‘बायकांचे एवढे असतेच’ हे वाक्य बहुधा अशा अनुभवातून येते, पण निम्म्याहून अधिक बायकांमध्ये दिसणारी उणीव केवळ सर्रास आहे म्हणून निरुपद्रवी होत नाही. हिमोग्लोबिन उतरण्याच्या आधीच शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असतो. तो साठा फेरिटिन या तपासणीत कळतो. तुमच्या यादीत ती तपासणी नाही. ती करून घ्यावी.

दुसरी राहिलेली तपासणी बी-१२ जीवनसत्त्वाची. याबाबत पुण्याचे उदाहरण देण्यासारखे आहे. येथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातील, शहरातील वस्त्यांमधील आणि शहरी मध्यमवर्गातील अशा ४४१ पुरुषांचे रक्त तपासले आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते आणि शहरी मध्यमवर्गात हेच प्रमाण ८१ टक्के होते. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते, त्यामुळे शाकाहारी माणसाची भिस्त दूध, दही, ताक यांवरच राहते. तुमच्या बाबतीत त्यात ॲसिडिटीच्या गोळीची भर पडली आहे. अन्नातील बी-१२ सुटे होण्यासाठी जठरातले आम्ल लागते आणि पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी तेच आम्ल कमी करते. वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ घटण्याचा संभव वाढतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या वाचकांनीही ही गोष्ट लक्षात ठेवावी. गोळी मात्र एकाएकी बंद करू नका, आम्ल उसळून येते; डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. आणि तपासणीच्या आधी कोणाच्या सांगण्यावरून बी-१२ चे इंजेक्शन घेऊ नका, म्हणजे खरा आकडा कळेल.

पाळीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण माझ्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते आणि त्याआधीची काही वर्षे अंडाशयातील संप्रेरके वरखाली होत असतात. धडधड, अपुरी झोप, सांधे दुखणे, चिडचिड, अचानक ऊन लागल्यासारखे वाटणे या तक्रारी त्या काळात नेहमी भेटतात. चार तज्ज्ञांमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ कोणी होते का, हे पत्रावरून कळत नाही. नसतील तर एकदा दाखवा. कणकणीबद्दल सांगायचे तर निरोगी शरीराचे तापमानही पहाटेपेक्षा संध्याकाळी जवळपास एक अंशाने अधिक असते, त्यामुळे दुपारच्या ९९ ला मी ताप म्हणणार नाही. तरीही आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून ठेवा. रोज संध्याकाळी ते १००.४ च्या वर जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील किंवा दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. शौचातून रक्त जाणे, चालताना छातीत दुखणे, एका बाजूच्या हातापायातली शक्ती जाणे, घास अडकणे, ही लक्षणे तर कोणीही ‘मनाचे असेल’ म्हणून घरी बसण्याची नाहीत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. हे मनाने ओढवून घेतले आहे का? आपल्या भाषेकडे जरा लक्ष द्या. संकटाची बातमी आली की छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, तोंडचे पाणी पळते, अंगावर काटा येतो. हे केवळ बोलण्याचे अलंकार आहेत असे समजण्याचे कारण नाही. धोक्याच्या वेळी स्वायत्त मज्जासंस्था शरीरात जे बदल घडवते त्यांचे हे अगदी नेमके वर्णन आहे. लाळ खरोखर आटते, आतड्यांची हालचाल बदलते, हृदयाचे ठोके वाढतात, त्वचेतील रक्तवाहिन्या आकसून हातपाय गार पडतात. यातली कोणतीही गोष्ट माणूस ठरवून करत नाही आणि ठरवून थांबवूही शकत नाही. संकट घटकाभराचे असेल तर शरीर पूर्वपदावर येते. परंतु सासऱ्यांच्या खोलीतून हाक येईल म्हणून दोन वर्षे एक कान उघडा ठेवून झोपणाऱ्या बाईचे शरीर पूर्वपदावर कधी येणार? सतत सावध राहण्याची सवय लागलेली मज्जासंस्था एरवी लक्षातही न येणारे ठोके, पोटातली हालचाल, स्नायूंचा ताण यांची वर्दी देऊ लागते, आणि ती वर्दी ऐकून माणूस घाबरला की सावधपणा आणखी वाढतो.

ओठांभोवतीच्या आणि बोटांच्या मुंग्या हे याचेच एक उदाहरण. धडधड सुरू झाली की श्वास नकळत भराभर होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे रक्ताची आम्लता बदलते आणि नसा उत्तेजित होऊन मुंग्या येतात. या मुंग्या झटक्यापुरत्या येतात आणि जातात. पायांच्या तळव्यांना दिवसरात्र मुंग्या येत असतील किंवा अंधारात चालताना तोल जात असेल, तर तो बी-१२ च्या कमतरतेचा इशारा असू शकतो. हा फरक डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सासूबाईंच्या बोलण्याचाही विचार करू. गणपतीत ठणठणीत आणि विसर्जनानंतर अंथरुणात, हे नाटकाचे लक्षण आहे असे त्यांना वाटते. माझ्या मते तो तुमच्या आजाराचा सर्वांत बोलका पुरावा आहे. घरात पाहुणे, नैवेद्य, आरत्या, गौरींचा स्वयंपाक चालू असताना शरीर ताणाच्या संप्रेरकांवर धावत राहते, थकव्याची आणि दुखण्याची जाणीव मागे पडते. कामाचा रेटा संपला की ती एकदम पुढे येते. परीक्षा संपल्यावर तापाने फणफणणारी मुले आणि मार्चअखेरचे हिशेब मिटल्यावर डोके धरून बसणारे कारकून मी दर वर्षी पाहते. त्यांना कोणी खोटारडे म्हणत नाही, कारण त्यांचे काम दिसते. घरातल्या बाईचे काम मोजायची पद्धत नाही, म्हणून तिच्या थकव्यालाही हिशेब लागत नाही. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवलेत तर बरे होईल; त्यांनीही आयुष्यभर हेच केले असणार.

यापुढे तपासण्यांची संख्या वाढवू नका, असे मी वर दोन तपासण्या सुचवूनही सांगते आहे, आणि त्यात विसंगती नाही. लक्षण पाहून निवडलेली तपासणी वेगळी आणि जाहिरात पाहून केलेले सत्तर तपासण्यांचे पॅकेज वेगळे. प्रयोगशाळेची नॉर्मल मर्यादा बहुतेक वेळा अशी आखतात की शंभर निरोगी माणसांपैकी ९५ जण तिच्या आत यावेत. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निदान एक तरी आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. मग त्या आकड्याभोवती तारांकन येते, तारांकनामुळे झोप उडते आणि नवी तपासणी होते. शिवाय, गंभीर आजाराची शक्यता मुळात कमी असताना केलेल्या तपासणीने रुग्णाची काळजी फार काळ कमी होत नाही, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. तुम्हीही हे अनुभवलेच आहे. एमआरआय स्वच्छ आल्याचा आनंद किती दिवस टिकला?

त्याऐवजी एक डॉक्टर धरा. पुण्यात प्रत्येक अवयवाचा तज्ज्ञ मिळतो, पण संपूर्ण माणूस ओळखणारा फॅमिली डॉक्टर धायरी-नऱ्ह्यासारख्या नव्याने वाढलेल्या उपनगरांत अनेक कुटुंबांना उरलेला नाही, ही मला आजच्या वैद्यकीय व्यवस्थेतील मोठी उणीव वाटते. घराजवळचा, ऐकून घेणारा एक एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टर निवडा, सगळी फाइल त्यांच्याकडे द्या आणि त्रास असो वा नसो, महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी भेटा. त्रास झाला तरच जायचे असा नियम असला की शरीराला भेटीसाठी त्रास दाखवावा लागतो. ठरलेली भेट ती गरज काढून घेते. प्रत्येक भेटीत डॉक्टरांनी हाताने तपासावे, निव्वळ कागद पाहू नयेत. तुम्ही एका वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: किती तास सलग झोप झाली, त्रास किती वाजता झाला, त्याआधी काय चालले होते. याहून अधिक लिहू नका, नाही तर दिवसभर शरीरावर पहारा बसतो.

औषधाइतकेच महत्त्वाचे काम यजमानांनी करायचे आहे. आठवड्यातल्या निदान चार रात्री सासऱ्यांची हाक त्यांनी घ्यावी आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपावे. सलग सहा तास झोप मिळाल्याशिवाय कोणत्याही गोळीचा गुण कळणार नाही. शक्य असल्यास आठवड्यातले काही दिवस शुश्रूषेसाठी मदतनीस लावा. तो खर्च एका एमआरआयच्या खर्चाशी ताडून पाहा. झोप सुधारल्यावर रोज दहा मिनिटे सपाट रस्त्यावर चालायला लागा आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवा. धडधड सुरू झाली की चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर, असे पाच मिनिटे करा.

मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण मी सांगते. १४ देशांमध्ये झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले, त्यात भारतातील बंगळुरूचाही समावेश होता. तीव्र नैराश्य असलेल्या ११४६ रुग्णांपैकी ६९ टक्के रुग्ण डॉक्टरांकडे फक्त शारीरिक तक्रारी घेऊन गेले होते. त्यांचे अंग खरोखर दुखत होते, आणि नैराश्यावर उपचार झाल्यावर अशी दुखणीही अनेकदा कमी होतात. तुम्हाला नैराश्य आहे असे मी पत्रावरून म्हणत नाही. परंतु पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नसेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, जगण्याचा कंटाळा आल्यासारखे वाटत असेल, तर हा दरवाजा बंद ठेवू नका. केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

प्रश्न : वय २९, हिंजवडीत नोकरी, वाकडला राहतो. मागच्या पावसाळ्यानंतर चिकनगुनिया झाला होता. ताप गेला, सांधेही बरेचसे सुधारले, पण आठ महिने झाले तरी मी पूर्वीचा नाही. विशेष म्हणजे काम केले त्या दिवशी फारसे काही होत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र अंगातले सगळे बळ काढून घेतल्यासारखे होते, विचारही सुचत नाही आणि दोन-तीन दिवस पडून राहावे लागते. झोपून उठलो तरी ताजेतवाने वाटत नाही. घरचे म्हणतात, आळस सोड, जिमला जा, रोज सकाळी वेताळ टेकडी चढ. दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा आठवडाभर सुट्टी घ्यावी लागली. मी काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम टेकडी थांबवा. वरच्या उत्तरात मी हळूहळू चालणे वाढवायला सांगितले आहे. तो सल्ला तुमच्यासाठी नाही, आणि तुमचे पत्र त्याच्या शेजारी छापण्याचा आग्रह मी त्याच कारणासाठी धरला. तक्रार एकाच शब्दाची असली, ‘थकवा’, तरी दोन माणसांसाठी उपाय उलटे असू शकतात.

श्रम केल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सर्वच लक्षणे बळावणे ही एक विशिष्ट खूण आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली, सामान्यतः क्रॉनिक फटीग सिंड्रोम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजाराचे निकष नव्याने मांडले, तेव्हा या खुणेला मध्यवर्ती स्थान दिले. सहा महिन्यांहून अधिक काळ कामाची क्षमता लक्षणीय घटणे, श्रमानंतर लक्षणे बळावणे, झोपेने ताजेतवाने न होणे, आणि यांच्या जोडीला विचार करण्यात अडथळा किंवा उभे राहिल्यावर वाढणारा त्रास, असे ते निकष आहेत. हा आजार अनेकदा एखाद्या विषाणूच्या संसर्गानंतर सुरू होतो. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचना बदलून, ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नये, असे स्पष्ट केले.

निदान पत्रातून होत नाही. चिकनगुनियानंतर सांधेदुखी आणि थकवा काही महिने रेंगाळणे पुष्कळदा दिसते. फिजिशियनना दाखवा, रक्तक्षय, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, बी-१२ आणि सांध्यांचा दाह यांची एकदा नीट तपासणी होऊ द्या, घोरण्याची सवय असेल तर तेही सांगा. एक साधी चाचणी दवाखान्यातच होते: दहा मिनिटे आडवे पडल्यावर नाडी मोजायची, मग उभे राहून दहा मिनिटांपर्यंत मोजत राहायचे. ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक वाढले आणि तेवढेच टिकून राहिले, तर उभे राहणेच तुमच्या शरीराला जड जात आहे असे समजते आणि त्यावर उपाय आहेत.

तोपर्यंत शक्ती पैशासारखी जपून वापरा. जेवढे केल्यावर दुसरा दिवस बिघडत नाही ती तुमची मर्यादा, आणि बरे वाटणाऱ्या दिवशीही ती ओलांडू नका, कारण बरे वाटणाऱ्या दिवशीच राहिलेली सगळी कामे उरकून घेण्याचा मोह होतो. घरून काम करण्याची मुभा मागण्यासाठी डॉक्टरांचे लेखी पत्र घ्या. घरच्यांना सांगा की आळशी माणसाला टेकडी चढल्यावर आठवडाभर अंथरूण धरावे लागत नाही.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. शाळेच्या दिवशी सकाळी साडेसहाला पोट दुखते म्हणून रडतो, बेंबीपाशी हात धरतो. शनिवार-रविवारी दुखत नाही. सोनोग्राफीत काही नाही. शेजारच्या काकू म्हणतात, शाळा चुकवण्याची युक्ती आहे, एकदा रागवा म्हणजे थांबेल.

उत्तर : रागवू नका. अशी पोटदुखी मुलांमध्ये किती साधारण आहे हे ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिले. त्यांनी पाहिलेल्या हजार शाळकरी मुलांपैकी दर दहांत साधारण एकाला वारंवार पोटदुखी होती आणि बहुतेकांत कोणताही आजार सापडला नाही. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितकी आत काही बिघाड असण्याची शक्यता जास्त, ही त्यांचीच शिकवण आम्ही आजही वापरतो. तुमच्या मुलाचे दुखणे बेंबीपाशी आहे, ही दिलासा देणारी बाजू. दुखण्याने तो रात्री झोपेतून जागा होत असेल, वजन किंवा उंची खुंटली असेल, वारंवार उलट्या, ताप किंवा शौचातून रक्त असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे पुन्हा जा.

त्याला शांतपणे विचारा, पण सकाळी बस गाठण्याच्या घाईत विचारू नका, रात्री शेजारी पडून विचारा. बसमध्ये कोणी त्रास देते का, एखाद्या तासाची भीती वाटते का, आणि शाळेतील स्वच्छतागृहात तो जातो का. हा शेवटचा प्रश्न बहुतेक पालक विचारत नाहीत. माझ्याकडे आलेल्या अशा मुलांपैकी कितीतरी जण शाळेतील स्वच्छतागृह घाण असते म्हणून किंवा दाराची कडी लागत नाही म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत शौच रोखून धरत होते आणि पाणीही पीत नव्हते. त्यांना बद्धकोष्ठ झाला होता आणि त्यांचे पोट खरोखर दुखत होते. मुलाला अर्धा तास आधी उठवा, कोमट दूध किंवा थोडे खायला द्या आणि त्यानंतर दहा मिनिटे निवांत शौचास बसू द्या, पाय टेकायला खाली पाट ठेवा. दुखत असले तरी शाळेत पाठवा, मात्र वर्गशिक्षिकांना चिठ्ठी लिहून कळवा, म्हणजे त्याने मागितले तर वर्गाबाहेर जाऊ देतील. स्वच्छतागृहाच्या कडीबद्दल मुख्याध्यापकांना वेगळे पत्र द्या, आणि शक्य असल्यास त्यावर आणखी चार पालकांच्या सह्या घ्या.